दाखल्यावरचा टक्का आणि मजुराची कमाई

कामावर जखमी झालेल्या मजुराच्या नुकसानभरपाईच्या दाव्यात, अपघात झाला की नाही यावर आमच्याकडे सहसा फार काळ वाद चालत नाही. रुग्णालयाचे कागद असतात, पोलिसांची नोंद असते, आणि सुरुवातीला 'हा आमचा माणूसच नाही' असे म्हणणारा मालकही साक्षीदार उभे राहिले की नरमतो. खरे भांडण होते ते टक्क्यावर. मजुराची कमावण्याची क्षमता किती टक्के गेली, या एका आकड्यावर त्या घराचे पुढचे सगळे आयुष्य ठरते. यवतमाळ-वर्धा भागातील अशा दाव्यांत मजुरांच्या बाजूने वकील म्हणून काम करताना मला सतत जाणवत आले आहे की जेवढी काळजीने तपासणी या आकड्याची व्हायला हवी, तेवढी कशाचीच होत नाही. म्हणून त्याविषयी सविस्तर लिहीत आहे.

आकड्याचे वजन समजण्यासाठी एक हिशेब पुरेसा आहे. कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ (आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावलेला) प्रमाणे कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास मासिक वेतनाच्या ६० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करून रुई काढणाऱ्या कारखान्यात, महिन्याला १२,००० रुपये मिळवणारा ३५ वर्षांचा मजूर घ्या. त्याच्या वेतनाचे ६० टक्के म्हणजे ७,२०० रुपये आणि ३५ व्या वर्षाचा गुणक १९७.०६. गुणाकार होतो १४,१८,८३२ रुपये. अपंगत्व अंशतः असेल तर या रकमेचा तेवढा टक्का मिळतो. म्हणजे त्याच हाताच्या त्याच जखमेसाठी क्षमता ३० टक्के गेली असे ठरले तर सव्वाचार लाखांच्या आसपास, ६० टक्के ठरली तर साडेआठ लाख, आणि १०० टक्के ठरली तर सव्वाचौदा लाखांच्या जवळ. वय बदलत नाही, आणि ज्या वेतनावर हिशेब होतो त्याची कमाल मर्यादा ३ जानेवारी २०२० पासून दरमहा १५,००० रुपये अशी ठरलेली आहे. हलू शकणारी बाजू एकच उरते, ती म्हणजे टक्का. त्यामुळे मालकाच्या वतीने भरपाई देणाऱ्या विमा कंपनीचा सगळा जोर तिथेच लागतो.

हे दावे आमच्या भागात जिनिंगमधून इतके का येतात, यालाही कायद्यातच कारण आहे. कर्मचारी राज्य विमा कायद्याने हंगामी कारखान्यांना बाहेर ठेवले आहे, आणि हंगामी कारखान्याच्या व्याख्येत कापसाचे जिनिंग व प्रेसिंग नाव घेऊन घातलेले आहे. मोठ्या शहरातल्या कारखान्यातील कामगार जखमी झाला तर विमा महामंडळाचे वैद्यकीय मंडळ त्याची तपासणी करते आणि त्याला दरमहा लाभ सुरू होतो. हिंगणघाट, वणी, पांढरकवडा किंवा अकोटच्या जिनमध्ये रुई काढणाऱ्या मजुराला ही वाट बंद आहे. त्याला मालकावर, ठेकेदारावर आणि विमा पॉलिसी असलीच तर विमा कंपनीवर नुकसानभरपाई आयुक्तांपुढे, म्हणजे या दाव्यांचा निकाल देणाऱ्या अधिकाऱ्यापुढे, दावाच लावावा लागतो. ठेकेदाराने आणलेला मजूर असला तरी १९२३ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे मूळ मालकाची जबाबदारी सुटत नाही, हे अजूनही अनेक मजुरांना ठाऊक नसते. ट्रॅक्टरवर किंवा मळणीयंत्रावर राबणारा शेतमजूरही या कायद्याखाली येतो, कारण यांत्रिक शक्तीने केलेल्या शेतीतील काम कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. तुरीच्या मळणीत हात गेलेला मजूर 'शेतीला कुठला कायदा' म्हणून घरी बसतो, आणि दावा लावण्याची दोन वर्षांची मुदत निघून जाते.

आता टक्का कसा ठरतो ते पाहू. कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जखमांची यादी आहे आणि प्रत्येक जखमेपुढे कमाईच्या क्षमतेचे नुकसान किती मानायचे ते लिहिले आहे. अंगठा गेला तर ३० टक्के, एका हाताची चारही बोटे गेली तर ५०, पंजा गेला तर ६०, तर्जनी पूर्ण गेली तर १४, खांद्याच्या सांध्यातून हात काढावा लागला तर ९०. एक डोळा जाऊन दुसरा चांगला असेल तर ४०. यादीत बसणारी जखम असेल तर किमान तेवढे तरी गृहीतच धरले जाते आणि त्यासाठी वेगळा पुरावा लागत नाही. यादीत न बसणाऱ्या जखमेसाठी मात्र पात्र वैद्यकीय व्यावसायिकाने क्षमतेचे नुकसान ठरवावे लागते, आणि तसे करताना त्याने अनुसूचीतील टक्क्यांचे भान ठेवावे असे कायदा सांगतो.

जिनमधल्या जखमा मात्र या यादीला धरून होत नाहीत. रोलरमध्ये कापूस अडकतो, यंत्र बंद केले तर काम थांबते आणि वरून ओरडा बसतो, म्हणून मजूर चालू यंत्रातच हात घालतो. रोलर बोटे कापत नाही, तो हात ओढून चेचतो. कातडी सोलली जाते, शिरा तुटतात, हाडे चुरली जातात. डॉक्टर कष्ट घेऊन बोटे वाचवतात, मांडीची कातडी काढून पंजावर लावतात, आणि काही महिन्यांनी मजूर आमच्यापुढे येतो तेव्हा पाचही बोटे जागेवर असतात, पण ती वळत नाहीत. 'हात हाये जी, पन त्यात जीव नाई,' असे एकाने मला सांगितले होते. विमा कंपनीचे लेखी म्हणणे अशा वेळी ठरलेले असते. कोणताही अवयव कापलेला नाही, सबब जखम अनुसूचीत नाही, सबब नुकसान नगण्य. या युक्तिवादाचे उत्तर अनुसूचीच्या शेवटी असलेल्या छोट्या टिपेत आहे. यादीतील एखाद्या अवयवाचा वापर पूर्णपणे आणि कायमचा गेला असेल तर तो अवयवच गेला असे मानायचे, असे ती टीप सांगते. चेचलेला पंजा जर पकडू शकत नसेल, उचलू शकत नसेल आणि त्यात फरक पडणार नसेल, तर तो गेलेला पंजा आहे आणि हिशेब ६० टक्क्यांपासून सुरू झाला पाहिजे. ही टीप अर्जातच उद्धृत करावी. युक्तिवादापर्यंत वाट पाहिली तर ती कुणाच्या नजरेत भरत नाही.

त्यानंतर येतो दाखला. आमच्याकडे बहुतेक मजूर जिल्हा रुग्णालयातून अपंगत्वाचा दाखला घेऊन येतात. तो दाखला अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याखालील मार्गदर्शक सूचनांनुसार दिलेला असतो आणि त्याचा हेतू सवलती, पेन्शन, बसचा पास असा वेगळा असतो. सांधा किती अंश वळतो, स्नायूंत बळ किती, पकड किती, यांच्या मोजमापातून तो आकडा निघतो. त्या आकड्यात तो माणूस काय काम करत होता याचा कुठेही विचार नसतो, आणि डॉक्टरांना तसा विचार करायला कुणी सांगितलेलेही नसते. बँकेतील लेखनिकाच्या आणि हमालाच्या सारख्याच जखमेला सारखाच टक्का मिळेल, आणि दाखल्याच्या हेतूपुरते ते योग्यच आहे. गडबड सुरू होते ती हाच आकडा उचलून नुकसानभरपाईच्या सूत्रात टाकला जातो तेव्हा.

त्यातही आणखी एक पायरी असते. दाखल्यावर 'डाव्या हातापुरते ४५ टक्के' असे असेल, तर विमा कंपनीचे वकील म्हणतात की हे एका अवयवाचे प्रमाण झाले, संपूर्ण शरीराचे काढायचे तर ते निम्म्यावर किंवा त्याहून खाली येईल. शरीरशास्त्राच्या दृष्टीने यात चूक नाही. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही अवयवाचा टक्का आणि संपूर्ण शरीराचा टक्का वेगळा आहे हे मान्य केले आहे. परंतु विमा कंपन्या या निकालातील एवढेच वाक्य वाचून दाखवतात आणि पुढचे सोडून देतात. तो निकाल रस्ता अपघाताच्या दाव्यातील असला तरी त्याची शिकवण आमच्या दाव्यांनाही तितकीच लागू पडते. कायम अपंगत्वाचा टक्का आणि कमाईच्या क्षमतेच्या नुकसानीचा टक्का या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि पहिल्याचा दुसऱ्यावर काय परिणाम झाला हे त्या माणसाचा व्यवसाय पाहून ठरवायचे, असे न्यायालयाने सांगितले. डावा हात गेलेला माणूस सुतार किंवा वाहनचालक असेल तर त्याचे नुकसान जवळजवळ १०० टक्के असू शकते, आणि तोच सरकारी कार्यालयातील लेखनिक असेल तर कदाचित त्याची नोकरीही जाणार नाही, असे उदाहरण त्यात दिले आहे.

सुताराचे उदाहरण फार जुन्या प्रकरणाची आठवण करून देते. प्रताप नारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास सबत या १९७५ च्या डिसेंबरात झालेल्या निकालात सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. खुंट किती उरला त्याप्रमाणे अनुसूचीत ७० किंवा ८० टक्के येतात, म्हणून हे अंशतः अपंगत्व आहे असे मालकाचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाच्या चार न्यायमूर्तींनी ते फेटाळले. सुतारकाम एका हाताने होत नाही, सबब हा सुतार त्याच्या कामासाठी पूर्ण अपंग झाला, हा आयुक्तांचा निष्कर्ष त्यांनी उचलून धरला. के. जनार्दन यांच्या २००८ च्या प्रकरणात टँकर चालकाचा उजवा पाय गुडघ्यातून गेला होता, तिथेही १०० टक्के धरले गेले. २०२३ मध्ये इंद्राबाई या मजूर महिलेच्या प्रकरणात डावा हात निकामी झाल्यावर उच्च न्यायालयाने खाली आणलेला टक्का सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा १०० वर नेला. डावा हात म्हणजे दुय्यम हात, हा युक्तिवाद आमच्या न्यायालयांत अजून सर्रास केला जातो, म्हणून हे शेवटचे प्रकरण मी मुद्दाम सांगतो.

हे निकाल मोलाचे आहेत, तरी ग्रामीण विदर्भातील मजुरासाठी ते जसेच्या तसे पुरत नाहीत असे माझे मत आहे. सुताराला एक धंदा असतो, चालकाला एक धंदा असतो. आमच्या जिनमधला मजूर दिवाळीनंतर कापूस येऊ लागला की जिनमध्ये जातो आणि उन्हाळ्यात गंजी संपल्या की गावी परततो. उरलेले महिने तो काय करतो हे न्यायालयाच्या कागदावर येतच नाही, कारण अर्जात फक्त 'जिनिंग कामगार' असे लिहिलेले असते. कायम अंशतः अपंगत्वाची व्याख्या मात्र अपघाताच्या वेळी तो जी जी कामे करू शकत होता त्या सर्व कामांतील क्षमतेविषयी बोलते. विमा कंपनी या व्याख्येचा आधार घेऊन म्हणते की जिन सुटली तरी शेती आहे, गावात कामे आहेत. माझे म्हणणे असे की मजुराच्या वकिलाने ही व्याख्या टाळू नये, तिलाच धरून चालावे आणि ती सगळी कामे एकेक करून न्यायालयापुढे मांडावीत.

पावसाच्या तोंडावर सरकी टोबायची असते, त्या वेळी एका हातात बियाणे आणि दुसऱ्या हाताने माती सारायची. पीक वर आले की डवरणी लागते, एक हात डवऱ्यावर दाबून धरायचा आणि दुसऱ्या हातात बैलांचा कासरा. फवारणीत एक हात पंपाच्या दांड्यावर आणि एक नळीवर. आता बॅटरीचे पंप आले आहेत असे उलटतपासणीत हमखास विचारले जाते, पण भरलेला पंप एका हाताने उचलून पाठीवर चढवायचा कसा, आणि औषध कालवून डब्यात ओतायचे कसे, हे विचारणारा सांगत नाही. सोयाबीनच्या सोंगणीत डाव्या हाताने झाड मुठीत धरल्याशिवाय उजव्या हातातला विळा चालत नाही. पोती उचलणे, बैल जुंपणे, कडबा बांधणे, विहिरीतला गाळ काढणे, यांपैकी एकही काम एकहाती होत नाही. सालदार म्हणून, म्हणजे वर्षभराच्या करारावर, राहिलेल्या माणसाला तर ही सगळीच कामे करावी लागतात, आणि एक हात निकामी असलेल्या माणसाला साल देणारा शेतकरी मला आजवर भेटलेला नाही. शेतकऱ्याचा त्यात दोष नाही, त्याचेही पोट त्याच कामावर आहे.

कापूस वेचणीविषयी थोडे अधिक लिहितो, कारण विमा कंपनीच्या बाजूने ते 'हलके काम' म्हणून नेहमी पुढे केले जाते. वेचणारा माणूस ओळीत उभा राहतो, कमरेला ओटी बांधलेली असते, आणि दोन्ही हात दोन बोंडांवर एकाच वेळी चालत असतात. बोंड फुटलेले असले तरी त्याच्या कडा वाळून टोकदार होतात. पाकळीतून कापूस काडीकचरा न लागता निघावा म्हणून बोटे आतपर्यंत घालून एका झटक्यात खेचावा लागतो. एका हाताने खेचले तर फांदी सोबत येते, पाला कापसात मिसळतो आणि शेतकरी ओरडतो. मजुरी किलोमागे असते. संध्याकाळी शेताच्या धुऱ्यावर काटा लागतो आणि प्रत्येकाचे वजन वहीत लिहिले जाते. या वहीइतका चोख पुरावा कमाईच्या क्षमतेविषयी दुसरा कोणता असू शकेल, असा प्रश्न मला पडतो. एका दाव्यात मी अशा शेतकऱ्यालाच साक्षीसाठी बोलावले. अपघाताआधीच्या हंगामात आणि नंतरच्या हंगामात तो मजूर त्याच शेतात वेचणीला होता, आणि वहीतील नावापुढचे किलो अर्ध्याहूनही खाली आले होते. डॉक्टरांच्या साक्षीवर तासभर खल करणाऱ्या समोरच्या वकिलांना या साक्षीदाराला विचारण्यासारखे फारसे काही उरले नाही. वही साधी, शाळकरी मुलाची, पाने कापसाच्या धुळीने पिवळी पडलेली, पण तारीख आणि वजन स्वच्छ. न्यायालयाने ती निशाणी म्हणून नोंदवून घेतली.

अशी वही प्रत्येक वेळी मिळणार नाही. मात्र रोजगार हमीचे जॉब कार्ड मिळते, सालाचा तोंडी करार ऐकलेला पंच मिळतो, ज्याच्या वावरात तो राबला तो शेतकरी मिळतो, हमालांचा मुकादम मिळतो. मजूर कुठे कुठे राबत होता हे सिद्ध करायला गाव पुरेसे आहे, फक्त वकिलाने गावापर्यंत जायला हवे. तालुक्याच्या न्यायालयात बसून मजुराचे एकट्याचे शपथपत्र दाखल करायचे आणि बाकी डॉक्टरांवर सोपवायचे, ही पद्धत सोयीची आहे, पण तिने मजुराचे नुकसान होते.

मजुराच्या स्वतःच्या उलटतपासणीची तयारी हाही दुर्लक्षित भाग आहे. त्याला विचारले जाते: तुम्ही न्यायालयात कसे आलात? बसने. बसमध्ये स्वतः चढलात? हो. जेवण स्वतःच्या हाताने करता? हो. सही करता? हो. आमचा माणूस सरळ असतो, प्रत्येक प्रश्नाला खरे उत्तर देतो, आणि मग युक्तिवादात त्याचे हेच 'हो' वाचून दाखवले जातात. मी मजुराला खोटे बोलायला कधीही सांगत नाही, सांगणारही नाही. मी एवढेच सांगतो की उत्तर पुरे करावे. जेवतो, पण भाकरी कुस्करून कुणी द्यावी लागते, हे खरे असेल तर तेही सांगावे. आणि जेवणे, सही करणे, बसमध्ये चढणे यांसाठी गावात कुणी मजुरी देत नाही, हे दाखवून देणे हे वकिलाचे काम आहे. दैनंदिन व्यवहार करता येणे आणि कमावता येणे यांतील फरक निकालपत्रात यावा यासाठी युक्तिवाद लेखी द्यावा.

विमा कंपनी पुढे करते तो चौकीदारीचा मुद्दा मात्र अधिक गंभीरपणे घ्यावा लागतो. एक हात नसलेला माणूस चौकीदारी करू शकतो, हे म्हणणे अगदीच पोकळ नाही, आणि कायद्याची व्याख्या पाहता त्याला उत्तर द्यावेच लागते. माझे उत्तर स्थानिक वास्तवावर उभे असते. एका जिनमध्ये चौकीदाराच्या जागा किती असतात? फाटकावर येणाऱ्या गाड्यांची नोंद ठेवायची तर लिहिता-वाचता येणे लागते की नाही? हंगाम संपल्यावर त्यातले किती जण ठेवले जातात? जे काम कागदावर शक्य आहे पण त्या पंचक्रोशीत मिळतच नाही, त्याला कमाईची क्षमता म्हणता येणार नाही. हे प्रश्न मालकाच्या साक्षीदारालाच विचारावेत, कारण त्याची उत्तरे त्यालाच द्यावी लागतात आणि ती बहुधा आपल्याच बाजूची असतात.

त्याच वेळी, प्रत्येक दाव्यात १०० टक्के मागण्याची जी सवय काही सहकाऱ्यांना लागली आहे, तिच्याशी मी सहमत नाही. डाव्या हाताची दोन बोटे गेलेल्या हमालाला अनुसूची २० टक्के देते. त्याचे खरे नुकसान त्याहून जास्त असू शकते, पोत्याची पकड ढिली पडते, थंडीत हात दुखतो. ते पुराव्याने वाढवून मागावे. पण तो पूर्ण अपंग झाला असे म्हटले की आयुक्तांचा आपल्या बाकीच्या म्हणण्यावरचाही विश्वास उडतो, आणि खरोखर १०० टक्के नुकसान झालेला पुढचा मजूर उभा राहतो तेव्हा त्याला त्याची किंमत मोजावी लागते.

काही वेळा मालक जखमी मजुराला कामावरून काढत नाही, त्याच पगारावर झाडलोट किंवा पाणी भरण्याचे काम देतो. चांगुलपणा असेल तर त्याचा आदर आहे. परंतु दावा लागल्यावर हाच चांगुलपणा बचाव म्हणून पुढे येतो की पगार तोच आहे, मग नुकसान कुठले? कमाई आणि कमाईची क्षमता यांत कायदा भेद करतो. आजचा पगार मालकाच्या मर्जीवर आहे, पुढच्या हंगामात मालक बदलला, जिन भाड्याने गेली किंवा ठेकेदार वेगळा आला तर हा माणूस मजुरीच्या बाजारात कोणत्या किमतीला उभा राहील, हे पाहायचे असते.

महिला मजुरांच्या बाबतीत हे मूल्यमापन आणखी कोते होते. जिनमध्ये कापूस पसरणे, कवडी (खराब कापूस) निवडणे, रुई गोळा करणे ही कामे बायाच करतात, आणि रोजी पुरुषांपेक्षा कमी असल्यामुळे वेतनाचा पाया आधीच खाली असतो. त्यावर टक्काही कमी धरला, तर हातात येणारी रक्कम फारच लहान होते. निंदण आणि वेचणी ही दोन कामे बाईच्या वर्षभराच्या रोखीच्या कमाईचा कणा आहेत आणि दोन्ही सर्वस्वी बोटांवर चालतात. पुरुषाच्या बाबतीत जड काम गेले असे सांगणे सोपे असते. बाईच्या बाबतीत बारीक काम गेले हे सांगावे लागते, आणि ते सांगण्यासाठी तिच्यासोबत वेचणीला जाणारी दुसरी बाई हीच योग्य साक्षीदार ठरते.

आता डॉक्टरांविषयी. नुसता दाखला दाखल करून भागत नाही, डॉक्टरांना साक्षीला बोलवावे लागते, आणि शक्यतो ज्यांनी उपचार केले त्यांनाच. सरकारी डॉक्टरांना तारखेला येणे अवघड जाते हे मला माहीत आहे, पण त्यांच्याशिवाय दावा लंगडा राहतो. त्यांच्या सरतपासणीत, म्हणजे आपल्या बाजूने प्रश्न विचारताना, टक्का विचारून थांबू नये. मुठीची पकड किती उरली, किती वजन उचलता येईल आणि किती वेळ, दोन्ही हात लागणारे काम सलग करता येईल का, पुढे सुधारणेची शक्यता आहे का, हे प्रश्न विचारावेत. डॉक्टरांनी हाताने काय होते आणि काय होत नाही ते सांगावे, गावच्या साक्षीदारांनी त्या कामाला काय लागते ते सांगावे, आणि दोन्हींचा मेळ घालून टक्का आयुक्तांनी ठरवावा, अशी ही विभागणी आहे. शारीरिक अपंगत्वाचा आकडा कमाईच्या क्षमतेच्या जागी आपोआप बसवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मोहम्मद नासिर यांच्या २००९ च्या प्रकरणात स्पष्ट केले आहे.

आयुक्तांपुढे नोंदवलेला पुरावा इतका महत्त्वाचा असण्याचे आणखी एक कारण आहे. कलम ३० खाली उच्च न्यायालयात अपील केवळ कायद्याच्या सारभूत प्रश्नावर चालते. वस्तुस्थितीबाबत आयुक्त हेच अखेरचे प्राधिकारी आहेत, असे गोल्ला राजण्णा यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे. नागपूर खंडपीठापुढे जाऊन वेचणीची वही पहिल्यांदा दाखवता येणार नाही. आणि उलट, आयुक्तांनी साक्षीपुराव्याच्या आधारे कारणे देऊन टक्का ठरवला असेल, तर विमा कंपनीला तो अपिलात हलवणे कठीण जाते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि १९२३ चा कायदा तिच्यात सामावला गेला. कमाईच्या क्षमतेवर उभी असलेली मूळ रचना संहितेतही कायम आहे, त्यामुळे वर लिहिलेले बहुतेक सारे पुढेही उपयोगी पडेल.

राहिला प्रश्न वेळेचा. अपघातानंतर लगेच मालकाचा माणूस घरी येतो, हातावर काही रक्कम ठेवतो आणि कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर अंगठा घेतो. घरात दवाखान्याची उधारी झालेली असते, त्यामुळे नाही म्हणणे जड जाते. कायद्यातील हक्क सोडून देणारा करार १९२३ च्या कायद्याच्या कलम १७ प्रमाणे निरर्थक आहे, आणि एकरकमी भरपाईचा समझोता कलम २८ प्रमाणे आयुक्तांकडे नोंदवावा लागतो. रक्कम अपुरी वाटली तर आयुक्त नोंदणी नाकारू शकतात. जखम भरेपर्यंत आणि हात किती सुधारतो हे स्पष्ट होईपर्यंत मालकाने दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के रक्कम द्यायची असते, आणि उपचारांचा प्रत्यक्ष खर्चही त्याच्यावर आहे. मालकाला पूर्ण दावा मान्य नसेल तरी जेवढी जबाबदारी मान्य आहे तेवढी रक्कम त्याने आधी भरलीच पाहिजे, आणि महिन्याभरात न भरलेल्या रकमेवर १२ टक्के व्याज लागते. म्हणून पहिल्या महिन्यांत घर चालवण्यासाठी या पंधरवडी रकमेची आणि खर्चाची लेखी मागणी करावी, आणि हाताची अवस्था स्थिर झाल्याचे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय टक्का लिहिलेल्या कोणत्याही कागदावर सही किंवा अंगठा करू नये.